छोट्या दुर्बिणीतून काय काय बघावं: माझी यादी आणि अण्णांची यादी

हेडफोन लावलेत? छान. आता स्क्रीन बंद करा आणि फोन खिशात टाका. आजच्या भागात फोन हाच व्हिलन आहे, का ते पुढे कळेलच.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं की दुर्बीण घेतली, चंद्र बघून झाला, शनीची कडी बघून झाली, गुरूचे चार चंद्र बघून झाले, आता पुढे काय? तर पुढे खरं आकाश सुरू होतं. सूर्यमालेच्या बाहेरच्या गोष्टी: तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका. हौशी मंडळी त्यांना 'डीप-स्काय ऑब्जेक्ट्स' म्हणतात. आज मी माझ्या आवडत्या गोष्टींची यादी सांगणार आहे. पण ही यादी मला दोनदा करावी लागली. पहिली पुण्यात एकट्याने केली. दुसरी गावी, अण्णांबरोबर. अण्णा म्हणजे माझे वडील. दोन याद्या का झाल्या, हाच आजचा विषय आहे असं समजा.

आधी दुर्बिणीबद्दल. माझी दुर्बीण १३० मिलिमीटरची आहे. म्हणजे आतल्या आरशाचा व्यास तेवढा, साधारण पाच इंच. फोकल लेंग्थ ६५० मिलिमीटर. सोबत दोन आयपीस: २५ चा आणि १० चा. ६५० ला २५ ने भागा, २६ पट. १० ने भागा, ६५ पट. एवढंच. एका बऱ्यापैकी फोनच्या किमतीत येते. खोक्यावर '५०० पट मोठं दिसेल' असं छापलेली खेळण्यातली दुर्बीण दिसली तर तिथून पळा. दुर्बिणीचं खरं काम मोठं करून दाखवणं नाहीच, प्रकाश गोळा करणं आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. १३० मिलिमीटरचा आरसा त्याच्या जवळजवळ साडेतीनशे पट प्रकाश गोळा करतो. म्हणून व्यास बघून घ्या, पटी बघून नको.

मी ती घेतली तेव्हा पुण्यात, आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या गच्चीवर नेली. ऑक्टोबर महिना, पाऊस नुकताच संपलेला. मोबाईल ॲपवरून देवयानी दीर्घिका शोधली. इंग्रजीत अँड्रोमेडा, मेसिए क्रमांक ३१. डोक्यात हबलचे फोटो: निळे-जांभळे वळणदार हात, मधे सोनेरी गाभा. आयपीसला डोळा लावला आणि काय दिसलं? काही नाही. दहा मिनिटांनी एक राखाडी डाग दिसल्यासारखा वाटला. काचेवर श्वासाची वाफ बसावी तसा. मी खरंच काच पुसली. डाग तिथेच. आठवडाभर मी ती दुर्बीण विकायच्या विचारात होतो. जाहिरातीसाठी फोटोसुद्धा काढून ठेवले होते.

विकली नाही, कारण मग मेसिएबद्दल वाचलं. शार्ल मेसिए हा अठराव्या शतकातला फ्रेंच खगोलनिरीक्षक, पॅरिसमधून धूमकेतू शोधायचा. धूमकेतूसुद्धा सुरुवातीला असाच धुरकट डाग दिसतो. १७५८ साली वृषभ राशीत त्याला एक डाग दिसला. धूमकेतू असता तर सरकला असता, पण हा जागचा हलेना. असे फसवणारे डाग सापडत गेले आणि तो त्यांची यादी करत गेला. १७८१ पर्यंत १०३ झाले, पुढे इतरांनी भर घालून ११० केले. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ती त्याची 'इग्नोर लिस्ट' होती. याकडे बघू नका, वेळ वाया जाईल. आज जगभरचे हौशी लोक नेमकी तीच यादी घेऊन गच्चीवर जातात! मला गंमत वाटली ती वेगळीच. ज्याच्या नावाने ही यादी आहे, त्यालाही बहुतेक वस्तू डागासारख्याच दिसत होत्या. मग मला डाग दिसला तर बिघडलं काय?

प्रश्न दुर्बिणीचा नव्हताच. मला बघता येत नव्हतं.

बघायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, अंधाराची सवय. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण डोळ्यातलं अंधारात लागणारं रसायन पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एवढी वाट बघितली आणि मधेच 'जरा मेसेज बघतो' म्हणून फोन उघडला, की गेलं सगळं. पुन्हा पहिल्यापासून. म्हणून फोन व्हिलन. उजेड लागलाच तर बॅटरीवर लाल कागद लावा, लाल उजेडाने सर्वांत कमी नुकसान होतं.

दुसरी गोष्ट मला जादूसारखी वाटली. फिक्या वस्तूकडे थेट बघायचं नाही. तिच्या जरा बाजूला बघायचं आणि लक्ष मात्र तिच्यावर ठेवायचं. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर अगदी मधोमध रंग आणि बारकावे बघणाऱ्या पेशी दाटीने असतात. मंद उजेड पकडणाऱ्या पेशी तिथे नसतात, त्या कडेकडेला असतात. म्हणून डागाकडे रोखून बघितलं की तो पुसला जातो, नजर बाजूला नेली की उगवतो. कडेच्या या पेशींना रंग कळत नाहीत, म्हणूनच दुर्बिणीतून आकाश राखाडी दिसतं. फोटोत रंग येतात कारण कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं, कधी तासन्‌तास प्रकाश साठवतो. आपला डोळा साठवत नाही.

ही 'कडेची नजर' लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

त्या दिवाळीत दुर्बीण गावी नेली. आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात. पाऊस कमी, उद्योग कमी, पण आकाश? अंधाऱ्या रात्री आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. बरीच वर्षं रात्रपाळी केलेली, त्यामुळे आकाश त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. रात्री चहाला गाडी थांबली की 'तिकांडं' कुठवर आलंय ते बघून किती वाजले ते सांगायचे. तिकांडं म्हणजे मृग नक्षत्रातले ओळीतले तीन तारे. मला वाटलं, यांना दुर्बीण दाखवली की खूश होतील.

धाब्यावर, म्हणजे आमच्या घराच्या छतावर, दुर्बीण लावली. देवयानी तर त्या आकाशात सुंदर दिसत होती. लांबट अंडाकृती धूर, मधे उजळ ठिपका. अण्णांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला.

"आरं, काय दिसंना मला."

"अण्णा, बरोबर मधे आहे. धुरासारखं."

"न्हाई दिसत."

"थेट नका बघू. जरा बाजूला बघा, मग दिसेल."

"बाजूला तर समदा काळोखच हाय."

मी पाच-सहा वेळा दुर्बीण नीट करून दिली. मग माझा आवाज चढला. "अण्णा, नीट बघा ना जरा! लहान मुलंसुद्धा बघतात." ते काही बोलले नाहीत. "तू बघ निवांत," म्हणाले आणि भिंतीला हात लावत लावत जिना उतरून गेले.

भिंतीला हात लावत. तेव्हा मला ते दिसलं आणि कळलं नाही.

जानेवारीत चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून आईने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला, मग नजरेच्या क्षेत्राची तपासणी केली. त्यात यंत्रात बघायचं आणि आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. निदान काचबिंदू. मोतीबिंदू नाही, तो ऑपरेशनने जातो. काचबिंदूत डोळ्यामागची नस खराब होत जाते. बहुतेकांच्या बाबतीत दुखत नाही, डोळा लाल होत नाही. मधली नजर शाबूत राहते, त्यामुळे माणूस वाचतो, फोन बघतो, सगळं ठीक वाटतं. जाते ती कडेची नजर. आणि गेलेली परत येत नाही. औषधाचे थेंब घालून आहे तेवढी टिकवायची.

रिपोर्टवर काळे भाग छापलेले होते. मी तो कागद हातात घेऊन बसलो आणि मला दिवाळीची रात्र आठवली. जी नजर त्यांच्याकडे उरलीच नव्हती, ती वापरा म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो होतो. "बाजूला समदा काळोखच हाय" हे त्यांनी मला स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. त्याहून स्पष्ट बग रिपोर्ट कुणी देऊ शकत नाही. आणि मी काय केलं? युझरची चूक म्हणून तिकीट बंद केलं.

माफी मागायला गेलो तर म्हणाले, "मलाच कुठं म्हाईत हुतं?" विषय संपला. आमच्याकडे विषय असेच संपतात.

पण माझ्या डोक्यात दुसरा प्रश्न सुरू झाला. कडेची नजर नाही, मधली आहे. मधली नजर कशात तरबेज? तेजस्वी ठिपके, बारकावे, रंग. म्हणजे धूर सोडून द्यायचा आणि ठिपके शोधायचे. आकाशात ठिपक्यांना काय तोटा! यादी नव्याने करायला घेतली.

दुर्बीण धाब्यावरून अंगणात आणली. जिन्याचा प्रश्न मिटला. दारापासून खुर्चीपर्यंत पांढरी दोरी अंथरली. एक अडचण मात्र होती, अंगणातला दिवा. मला तो बंद हवा, कारण तारे पुसले जातात. अण्णांना तो चालू हवा, कारण अंधारात पाय कुठे पडतो कळत नाही. दोघांचंही बरोबर. तोडगा अण्णांनीच काढला. रिकाम्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दिव्याला टोपी केली आणि बल्ब कमी वॅटचा, पिवळा लावला. उजेड खाली पायापाशी पडतो, आकाशात जात नाही. प्रकाश-प्रदूषणावर जगभर हाच उपाय सांगतात: उजेड हवा तिथे, हवा तेवढाच, आणि खाली. बघायला बसलो की तोही बंद करायचो, उठायचं असेल तेव्हा लावायचो.

आता यादी. ऋतूप्रमाणे सांगतो, म्हणजे तुम्हाला वापरता येईल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगांचेच असतात, तेव्हा मोसम ऑक्टोबर ते मे.

पहिला, मृगातला महातेजोमेघ, मेसिए ४२. हिवाळ्यात, डिसेंबर ते मार्च. अनेकांचा गोंधळ होतो की 'मृग लागतो' तो जूनमध्ये, मग मृग हिवाळ्यात कसा? जूनमध्ये सूर्य मृग नक्षत्रात असतो, म्हणून तेव्हा ते नक्षत्र दिसतच नाही. रात्री बघायचं ते हिवाळ्यात. आपल्या गोष्टीत व्याधाने हरणाला मारलेला बाण म्हणजे ते तीन तारे, अण्णांचं तिकांडं. त्यांच्या दक्षिणेला फिक्या ताऱ्यांची एक छोटी ओळ लोंबते, तिच्या मधला तारा जरा धुरकट दिसतो. तिथे दुर्बीण लावा. मला तिथे पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा धूर दिसतो. तो वायू आणि धूळ आहे, आणि त्यात नवे तारे जन्माला येतायत. अंतर साधारण १,३५० प्रकाशवर्षं. म्हणजे हा प्रकाश निघाला तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

अण्णांना पंख दिसले नाहीत. पण मी १० चा आयपीस लावला, ६५ पट. धुराच्या मधोमध चार तारे आहेत, चौकोनात, अगदी जवळजवळ. त्यांना ट्रॅपिझियम म्हणतात. सगळा तेजोमेघ मुख्यतः त्यांच्यामुळे, त्यातही एका ताऱ्यामुळे उजळतो. अण्णांनी डोळा लावला. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "चार हायत. एक जरा मोठा हाय."

बरोबर! एक खरंच जास्त तेजस्वी आहे. मी सांगितलं नव्हतं.

दुसरा, कृत्तिका, मेसिए ४५. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नुसत्या डोळ्यांना सहा-सात ताऱ्यांचा झुबका दिसतो. दुर्बिणीतून बघताना सर्वांत कमी पटीचा आयपीस लावा, कारण हा गुच्छ चार पूर्णचंद्र शेजारी ठेवावेत एवढा रुंद आहे. माझ्या २६ पटीत जेमतेम मावतो. निळसर पांढरे, धारदार तारे. अंतर साधारण ४४० प्रकाशवर्षं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी निघालेला उजेड. आणि हे तारे अगदी तरुण आहेत, सुमारे दहा कोटी वर्षांचे. आपला सूर्य साडेचारशे कोटींच्या पुढे आहे. अण्णांना एका वेळी तीन-चारच दिसायचे, पण ते दुर्बीण हळूहळू सरकवत एकेक तारा गाठायचे. "मोजणी चाललीय," म्हणायचे. जसे वर्षानुवर्षं प्रवासी मोजून घेतात तसे. मी म्हटलं, ते तर कंडक्टरचं काम. तर म्हणाले, "ड्रायव्हरलाबी मोजावं लागतंय कधी कधी."

तिसरा, माझा एकट्याचा लाडका: ओमेगा सेंटॉरी. हा मेसिएच्या यादीत नाहीच. का? कारण पॅरिसमधून तो दिसत नाही, क्षितिजाखालीच राहतो. युरोपातले आणि अमेरिकेच्या उत्तर भागातले हौशी लोक ज्यासाठी दक्षिणेकडे प्रवास करतात, तो आपल्या अंगणातून दिसतो. ही आपल्या अक्षांशाची कमाई, फुकट मिळालेली. शोधायचा कसा? मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास चित्रा नक्षत्राचा तेजस्वी तारा दक्षिणेला उंचावर असतो. हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. चित्रापासून सरळ खाली साडेतीन मुठी मोजा. क्षितिजापासून सुमारे अडीच मुठी वर एक मंद, धुरकट 'तारा' दिसेल. दक्षिण क्षितिज मात्र मोकळं आणि अंधारं हवं. १६७७ साली एडमंड हॅली, तोच धूमकेतूवाला, सेंट हेलेना बेटावर गेला होता, तेव्हा त्याने हा तारा नसून वेगळं काही आहे अशी नोंद केली.

प्रत्यक्षात हा सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोळा आहे, साधारण १७,००० प्रकाशवर्षं दूर. आपल्या आकाशगंगेतला सर्वांत मोठा गोलाकार तारकागुच्छ. ६५ पटीत कडेची नजर वापरली की धुराच्या गोळ्यात कण फुटायला लागतात. ताटात रांगोळी सांडावी तसे. पहिल्यांदा कण दिसले तेव्हा मी एकटाच ओरडलो, कुत्री भुंकायला लागली. अण्णांना नुसता फिका गोळा दिसला, तोही कधी दिसे, कधी नाही. मी थांबलो. यावेळी 'नीट बघा' म्हटलं नाही. ही वस्तू माझ्या यादीत राहिली, त्यांच्या नाही. सगळ्या गोष्टी दोघांच्या असायलाच पाहिजेत असं थोडंच आहे.

चौथा, मेसिए ७. हा मात्र त्यांचा. वृश्चिकाची नांगी माहीत आहे ना? मूळ नक्षत्र. तिच्या पूर्वेला थोडंसं, नुसत्या डोळ्यांनाही एक उजळ ठिगळ दिसतं. दुसऱ्या शतकात टॉलेमीने त्याची नोंद केली, म्हणून त्याच्या नावाने ओळखतात. मेमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास छान वर येतं. मी म्हटलं, अण्णा, नांगीपाशी बघू या. तर म्हणाले, "तिथं पांढरं असतंय. पहाटंच्या गाडीला समोर दिसायचं." म्हणजे वर्षानुवर्षं विंडस्क्रीनमधून त्यांनी हा तारकागुच्छ बघितलेला, नाव न जाणता. आता नुसत्या डोळ्यांनी ते पांढरं त्यांना दिसत नव्हतं. मी २६ पटीचा आयपीस लावून खुर्ची पुढे ओढली.

दुर्बिणीत ते ठिगळ राहत नाही. डझनावारी टपोरे तारे होतात, विखुरलेले, प्रत्येक वेगळा. धूर अजिबात नाही. अण्णांनी नजर फिरवत फिरवत सगळा पाहिला. किती वेळ, मी मोजला नाही. दुर्बिणीत मोटर नसली की पृथ्वी फिरते तशा वस्तू सरकत जातात, दर मिनिटाला हलकेच ढकलावं लागतं. ते काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. स्टिअरिंगवरचा हात, तो लगेच बसला.

"हे ते पांढरं हाय व्हय," एवढंच म्हणाले.

पाचवा आणि शेवटचा, अल्बिरिओ. काटेकोर बोलणारे म्हणतील हा डीप-स्काय नाही, जोडतारा आहे. म्हणू दे. ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपल्या संपल्या, संध्याकाळी हंस नक्षत्र डोक्यावर असतं. हंसाच्या चोचीच्या टोकाचा तारा म्हणजे अल्बिरिओ. नुसत्या डोळ्यांना एक. ३० पटीच्या आसपास दोन. एक सोनेरी, एक निळा. रंगांचा खेळ, म्हणजे मधल्या नजरेचा खेळ. शहरातूनसुद्धा दिसतो, आठव्या मजल्यावरूनसुद्धा. अण्णा म्हणाले, "एक जुना बल्ब, एक ट्यूबलाइट." भौतिकशास्त्रात याहून वेगळं काही नाही. पिवळा तारा त्यातल्या त्यात थंड, निळा जास्त गरम.

जवळच स्वरमंडळात अभिजित तारा आहे, आणि त्याच्या खालच्या दोन ताऱ्यांच्या मधे मेसिए ५७, कंकणाकृती तेजोमेघ. मरत्या ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू. ६५ पटीत सिगरेटच्या धुराचं इवलंसं वर्तुळ. तेवढं तुमच्यासाठी सांगून ठेवतो.

तर मंडळी, पुण्यात केलेल्या पहिल्या यादीत सगळ्यात वर देवयानी होती, कारण ती प्रसिद्ध आहे आणि २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. आकडा सांगायला भारी वाटायचं. आता कुणी विचारलं 'काय बघू', तर मी आधी उलट विचारतो: कुठून बघणार? किती अंधार आहे? आणि कुणाबरोबर? आजीला मोतीबिंदू असेल, भाचा सहा वर्षांचा असेल, मित्र चष्मा काढायला तयार नसेल. यादी त्या डोळ्यासाठी करायची. आणि 'दिसत नाही' असं कुणी म्हणालं तर आधी ऐकायचं. दुर्बीण नंतर हलवायची.

दुर्बीण नसेल तर विकत घ्यायची घाई नको. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं. आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. विदर्भातल्या मंडळींचं नशीब तर जोरावर आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. आणि एक नियम कधीच मोडू नका: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही.

शेवटचं एक काम सांगतो, आणि हे दुर्बीण घेण्याआधी करा. घरात चाळिशीच्या पुढचं जे कुणी असेल, त्यांच्या डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासून घ्या. नुसता चष्म्याचा नंबर नाही. घरात कुणाला काचबिंदू असेल तर तुम्हालाही धोका जास्त असतो, तेव्हा तुम्हीसुद्धा. मी करून घेतली. सध्या माझं ठीक आहे, दरवर्षी जायला सांगितलंय.

अण्णांचे थेंब रोज रात्री नऊला असतात. आई फोनला अलार्म लावते. थेंब घातले की थोडा वेळ डोळे मिटून बसायचं, आणि मग, चंद्र नसेल तर, अंगणात. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाले, "ते बल्ब-ट्यूबलाइट कधी वर येतंय रं? शेजारच्या पोरांस्नी दाखवायचंय."

दुर्बीण आता गावीच असते.

तुमच्या घरात कुणाला काय दाखवलंत आणि त्यांना ते कशासारखं दिसलं, ते मला नक्की लिहा. पुढच्या भागात भेटू. तोवर फोन खिशातच राहू द्या, आणि वर बघा.